राजे पाण्यात उतरले तेव्हा

चष्मेवाल्यांचा मुलगा चौतीस वर्षांचा झाला, तरी सगळे त्याला राजेच म्हणायचे. लहानपणी चालता चालता त्याचं अंग लुळं पडे आणि मग स्वारी कुणाच्या तरी खांद्यावर बसून घरी येई. त्यावरून आईनेच थट्टेने ठेवलेलं नाव. कधी डावी बाजू जायची, कधी उजवी. झोप लागली की लुळी बाजू आपोआप पुन्हा हलू लागायची. डॉक्टरांनी फेफरं म्हटलं, नातेवाइकांनी नाटक म्हटलं. आजाराचं खरं नाव कळलं तेव्हा राजे तिशीला टेकले होते आणि त्यांची आई जाऊन वर्ष झालं होतं.

त्या आजारावर काम करणाऱ्या संशोधकांची परिषद भरली, तेव्हा तिथल्या प्राध्यापिकेने बापलेकांना आग्रहाने बोलावलं. एवढ्या वयाचा रुग्ण आमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलाय, असं ती फोनवर म्हणाली. चष्मेवाल्यांना उगाचच अभिमान वाटला. त्यांनी राजेंचा निळा शर्ट स्वतः इस्त्री केला, त्यांची दाढी घोटून केली आणि चाकाची खुर्ची ढकलत ते सभागृहात शिरले.

आधी भाषणं झाली. पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, प्राध्यापिका सांगत होती. गळक्या होडीतून नावाडी पाणी उपसत राहतो, तसा तो आत शिरलेलं सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत ओढतो. या मुलांमध्ये तो जन्मापासूनच अर्धामुर्धा चालतो. चष्मेवाल्यांच्या बरंचसं डोक्यावरून गेलं, पण नावाडी कळला.

मधल्या सुट्टीत पोरांना कडेवर घेतलेले आईबाप दिसू लागले. बहुतेकांची मुलं दोन-तीन वर्षांची, गुटगुटीत, हसरी. ते लांबून राजेंकडे बघत, वाकडी मान, गळणारी लाळ, मांडीवर पडलेले हात बघत, आणि नजर वळवत. एक बाप तर हातातला चहा तसाच ठेवून बाहेर निघून गेला. तेव्हा कुठे चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, की या लोकांनी राजेंमध्ये आपापल्या लेकराचं पुढचं वय पाहिलंय. त्यांनी रुमाल काढून राजेंचं तोंड पुसलं. राजेंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनाही कळलं होतं.

जेवणाच्या वेळी मात्र एक तरुण आई मुलीला घेऊन सरळ त्यांच्याच टेबलाशी आली. आधी तिने राजेंना नमस्कार केला, मग बापाला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आली. मुलीला पाण्यात खेळायचं भारी वेड, पण पाण्यात घातलं की हटकून लुळेपणाचा झटका येतो. नवऱ्याने टबच माळ्यावर टाकलाय.

"काका, तुम्ही काय केलंत?" तिने विचारलं.

चष्मेवाल्यांना तळं आठवलं.

राजे एकोणीस वर्षांचे होते तोवर झटके यायचे नि जायचे, पण मधल्या काळात ते चालायचे, बोलायचे, चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची चेष्टासुद्धा करायचे. एका उन्हाळ्यात आई त्यांना तळ्यावर घेऊन गेली. दुपारभर दोघं पाण्यात होती. त्या संध्याकाळी जो झटका आला, तो झोपेनंतरही पुरता गेला नाही. पाय गेले, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. आईने सगळं खापर स्वतःच्या माथ्यावर फोडून घेतलं. पुढे कधी तिने राजेंच्या अंगावर तांब्याभर पाणीही ओतलं नाही, ओल्या फडक्यानेच पुसून काढायची. चष्मेवाले तिला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण तुझी चूक नव्हती, असंही कधी म्हणाले नाहीत. ते वाक्य तिने मरेपर्यंत वाट बघूनही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"थांब, विचारून सांगतो," ते म्हणाले आणि उठून प्राध्यापिकेकडे गेले. तळ्याची हकिगत त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली.

प्राध्यापिका म्हणाली, "खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण एखाद्या झटक्यात असं कायमचं खाली येणं या आजारात अनेकांच्या वाट्याला येतं. त्याला ताप पुरतो, थंडी पुरते, नुसता आनंदही पुरतो. तळं नसतं, तर दुसरं काहीतरी झालं असतं, असं मला वाटतं. तुमच्या पत्नीला दोष देऊ नका."

"मी देत नाही," चष्मेवाले म्हणाले. आणि तिथेच, लोकांच्या येण्याजाण्यात, भिंतीला टेकून ते रडले.

टेबलापाशी परत आले तेव्हा ती छोटी राजेंच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती. तिच्या आईला त्यांनी सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. "पुढची पंधरा वर्षं आम्ही त्याला पाण्यापासून जपलं. त्याचा काही उपयोग झाला नाही, बाळ. डॉक्टरांना विचार, पाणी कोमट ठेव, हात सोडू नकोस. पण खेळू दे तिला."

राजेंनी ओठ हलवले. शब्द जमवायला त्यांना नेहमीच वेळ लागे.

"आई... हसत होती," ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात राजेंना न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात ते गेले. पुढच्या परिषदेचं बोलावणं आलं, तेव्हा जावं की नाही यावर चष्मेवाल्यांनी बरेच दिवस काढले. शेवटी गेले. आत बसलेल्या त्या तरुण आईने त्यांना सभागृहाच्या दारातून एकटंच येताना पाहिलं. तिने आपल्या शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली, आणि ते तिथे बसले.