रिओहाची ट्रिप

१९९५च्या जुलैत चंदाबाई गेल्या. सप्टेंबरात त्यांचे पती भीमराव पुन्हा कोच, म्हणजे सहलींची बस, चालवायला लागले. बर्मिंगहॅममधल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत ते जुने ड्रायव्हर होते. कामावर गेलात की बरं वाटेल, असं सगळे म्हणाले होते. बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही.

मॅनेजर डेरेकने त्यांना ऑफिसात बोलावलं. पूर्वी कंपनीच्या बसगाड्या स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर जायच्या. आता लोकांना उन्हात पडून राहायचा कंटाळा आला होता. त्यांना खेडी बघायची होती, द्राक्षमळ्यांतून फिरायचं होतं, जिथे वाइन तयार होते तिथेच बसून ती चाखायची होती. स्पेनमधल्याच, वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या रिओहा भागातल्या ट्रिपा भराभर भरत होत्या.

"भीम, तू पीत नाहीस," डेरेक म्हणाला. "या ट्रिपला मला असाच ड्रायव्हर पाहिजे."

भीमराव पंचशील पाळणारे बौद्ध. दारूला कधी शिवले नव्हते. दुसरी एखादी वेळ असती तर त्यांनी विहारातल्या चार लोकांना विचारलं असतं. आता नुसतं "जातो" म्हणाले. इंग्लंडातलं ब्लॅकपूल काय नि स्पेन काय, त्यांना सारखंच.

त्यांची मुलगी मंजिरी बर्मिंगहॅमलाच जन्मलेली, बँकेत नोकरीला. तिने ॲन्युअल लीव्ह घेतली आणि बसमधली एक रिकामी सीट धरली. "तुम्हाला एकटं नाही पाठवणार," ती म्हणाली. ते नको म्हणाले नाहीत.

पोर्ट्समथहून बोटीने स्पेनचं बिल्बाओ बंदर, मग डोंगरातला रस्ता. खेड्यात द्राक्षांची तोडणी चालली होती. ज्या घरी उतरले, त्या घरच्या बाईने वरच्या खोल्या नुकत्याच पाहुण्यांसाठी रंगवून घेतल्या होत्या. इंग्लिश वाक्यं पाठ करून ती प्रत्येकाला "वेलकम होम" म्हणत होती. मंडळी खूश होती. खालच्या तळघरात पिंपांच्या रांगेपाशी ग्लास भरले गेले. मंजिरीने एक घेतला. मग दुसरा. दारात उभ्या असलेल्या भीमरावांकडे बघतच तिने तो संपवला.

भीमराव बाहेर आले आणि बसची काच पुसत बसले.

परतीची बोट पोर्ट्समथला लागली. गाव सोडल्यावर भीमरावांनी मोटरवेवरच्या चहापाण्याच्या थांब्यावर बस थांबवली. सगळे चहाला गेले. मंजिरी मात्र पुढे येऊन त्यांच्या मागच्या सीटवर बसली.

"बाबा, मी वाइन घेतली. तुम्ही बघितला."

"बघितलं."

"मग रागवा ना माझ्यावर! विहारात सगळे म्हणतात, भीमराव किती शांत आहेत. मला भीती वाटते तुमची."

"राग येत नाही, मंजू. काहीच येत नाही. दात काढायच्या आधी डेंटिस्ट इंजेक्शन देतो ना, तसं झालंय."

मंजिरीला रडू फुटलं. "माझं पण सेम. म्हणून तर प्यायले. म्हटलं, काहीतरी फील होईल."

"झालं?"

"नाही. नुसता डोका दुखला." तिने नाक पुसलं. "आई किती ओरडला असता."

"ओरडली असती," भीमराव म्हणाले.

ते तोंडातून आपसूक निघालं. मुलीचं मराठी सुधारणं हे चंदाबाईंचं काम. जेवताना, फोनवर, पाहुण्यांसमोरसुद्धा त्या सोडायच्या नाहीत. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"आणि डोकं दुखलं," भीमराव हळूच म्हणाले. "दुखला नाही."

मंजिरी रडता रडता हसली. भीमरावांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच आतून पुन्हा पुसायला लागले. माणसं परत येऊन बसली, तरी त्यांनी बस सुरू केली नाही. कुणीतरी मागून विचारलं, "ऑल राइट, ड्रायव्हर?" त्यांनी उरलेला कोपरा पुसून घेतला, फडक्याची घडी करून ठेवली. मग निघाले.

सोमवारी त्यांनी डेरेकला सांगितलं, पुढची ट्रिप दुसऱ्याला दे, मला घरी काम आहे, त्यानंतरची मी करीन.

शनिवारी मंजिरी तिच्या फ्लॅटवरून आली. दोघांनी चंदाबाईंचं कपाट उघडलं. साड्या काढल्या, स्वेटर काढले. हिरवा कार्डिगन मंजिरीने स्वतःसाठी ठेवला. भीमरावांना रडू आलं नाही. एका साडीची घडी त्यांना काही केल्या जमेना. मोडायची, पुन्हा घालायची. शेवटी मंजिरीने दुसरं टोक धरलं.

निम्मं कपाट झालं आणि ते म्हणाले, "आज एवढंच."

"ओके," ती म्हणाली, आणि जेवण गरम करायला खाली गेली.