सहा फुटी कमान, तीन फुटी दार

इकडे, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगामागे बघा. हो, मीच बोलतेय. मी एक कमान आहे. पाइनच्या लाकडाची, पांढऱ्या रंगाची, चार पायांची. सहा फूट रुंद आणि चार फूट खोल. ही मापं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी रडकथा त्या मापांतच आहे.

मला कडी नाही, कोयंडा नाही, दार तर नाहीच. कुणाला अडवणं माझ्या घडणीतच नाही. तरी तेवीस वर्षं माझ्या नावाखाली लोकांना अडवलं, आणि आता मीच या कोठीत अडकून पडलेय. घ्या!

जॉर्जियातल्या पाइनी फोर्ड गावी, शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात माझा जन्म झाला. साल एकाहत्तर. कोर्टाचा हुकूम आला होता, म्हणून त्या वर्षी गोऱ्यांची शाळा आणि काळ्यांची शाळा एक झाली होती. मुलं एका बाकावर बसू लागली, एका संघातून फुटबॉल खेळू लागली. बारावीच्या मुलांचा वसंतात नाच असतो, प्रॉम म्हणतात त्याला. नाचाआधी मुलं नटूनथटून जोडीजोडीने सगळ्या गावासमोरून चालत येतात. त्या मिरवणुकीसाठी कमान हवी म्हणून मास्तरांनी दोघांना कामाला लावलं.

एक लुशियस टार्व्हर. काळा, अबोल, हाताला विलक्षण नेमका. दुसरा ड्वाइट पर्व्हिस. गोरा, तोंडाळ, पण फळी धरून ठेवायला बरा. दोघांचं छान जमलं होतं. दुपारी उकडलेल्या शेंगा खाऊन टरफलं माझ्याच पायाशी टाकायचे.

"अरे, खिळे ठोक आणि मोकळा हो," ड्वाइट म्हणायचा.

"खिळ्याने लाकूड फाटतं. लाकडी खुंट्या घालू. म्हणजे सोडता येईल, परत जोडता येईल."

"पुढच्या वर्षी आपण असणार आहोत का इथे, शहाण्या?"

"आपण नसू. पोरं असतीलच की."

माझी रुंदी ठरवली लुशियसच्या आईने. ओडेसा तिचं नाव. गावातल्या निम्म्या गोऱ्या मुलींचे नाचाचे झगे तीच शिवायची. तिने मुलाला बजावलं होतं, सहा फुटांच्या खाली येऊ नकोस, दोन घेरदार झगे शेजारून गेले तरी लेस अडकता कामा नये.

"दोन झगे कशाला जातील शेजारून?" ड्वाइट हसला. "एक झगा, एक सूट. हिशेब साधा आहे."

"आई म्हणते माप सैल घ्यावं. कोण कुणाबरोबर चालेल, आपल्याला काय ठाऊक!"

बारा खुंट्या घातल्या माझ्यात. त्या एका ठराविक क्रमाने काढल्या तरच मी सुटते. उलटसुलट काढल्या तर सांधे आणखी घट्ट बसतात. तो क्रम लुशियसने मनात ठेवला. ड्वाइट तेव्हा शेंगा सोलत होता.

आणि मग नाचाला तीन आठवडे असताना शाळेने जाहीर केलं की यंदापासून शाळा नाच भरवणार नाही. ज्यांना हवा त्यांनी खासगीत भरवावा. शाळा एक करा म्हणून कोर्टाने सांगितलं होतं. नाचाबद्दल कोर्ट काही बोललं नव्हतं. गोऱ्या पालकांनी समिती केली आणि गावाबाहेरचा हा हॉल घेतला. सहा माणसं ट्रक घेऊन आली आणि मला अख्खीच्या अख्खी उचलून घेऊन गेली. लुशियस हातात मोगरी घेऊन उभा होता, खुंट्या काढून सुटी करून देऊ का म्हणून विचारायला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

इथे आणल्यावर माझ्या कपाळावर पितळी पट्टी ठोकली. "ड्वाइट पर्व्हिस याने बनवली." चांगले दोन इंची खिळे मारले हो! ड्वाइट समोरच होता. त्याने तोंडातून ब्र काढला नाही.

मग सुरू झालं ते दरवर्षीचं. एप्रिलातला शनिवार, संध्याकाळचे सहा, लख्ख ऊन, नाकातोंडात जाणारी चिलटं. या कोठीच्या मागच्या मोठ्या दुहेरी दारातून मला बाहेर काढायचे आणि हॉलच्या पायऱ्यांवर उभी करायचे. गोरी मुलं माझ्याखालून जायची, नाव पुकारलं जायचं, टाळ्या पडायच्या. आणि रस्त्यापलीकडे, पेंडीच्या दुकानाच्या भिंतीला लागून, काळी मुलं उभी असायची. आपल्याच वर्गातल्या मित्रांना बघायला आलेली. नाव घेऊन ओरडायची, शिट्ट्या मारायची, फोटो काढायची. मिरवणूक संपली की हॉलचं दार बंद, आणि ती मुलं घरी. त्यांचा नाच पुढच्या शनिवारी, दुसऱ्या हॉलमध्ये.

याला कुणी वाईट म्हणत नसे, हे मला सगळ्यात खुपायचं. "आम्ही कुठे कुणाला अडवतो? ज्याचा त्याचा कार्यक्रम," असं सगळे गोड आवाजात म्हणायचे. सोमवारी तीच मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून वर्गात जायची.

ओडेसाही यायची. रस्त्यापलीकडे छोटं स्टूल टाकून बसायची आणि आपण शिवलेले झगे माझ्याखालून जाताना बघायची. एखादीची शिवण उसवली की तिचा जीव वरखाली व्हायचा, पण रस्ता ओलांडायची सोय नव्हती. मला वाटायचं, चार पाय आहेत मला, एक तरी उचलता आला असता तर!

तेवीस वर्षं गेली. लुशियसची मुलगी रेनिटा आणि ड्वाइटची मुलगी कार्लिन एकाच वर्षी बारावीत आल्या. दोघी जिवलग मैत्रिणी, बास्केटबॉलच्या संघात एकत्र. दोघींनी वर्गात मतदान घेतलं: नाच एकच हवा. बहुतेक सगळ्यांनी हात वर केले. मुख्याध्यापक म्हणाले, शाळा नाच भरवतच नाही, मग एक काय आणि दोन काय. तेव्हा रेनिटा थेट समितीच्या क्लॉडीन हॉलोवे बाईंकडे गेली. याच कोठीत, माझ्यासमोर.

"मिस क्लॉडीन, ही कमान माझ्या वडिलांनी बनवलीय. मला फक्त हिच्याखालून चालायचंय. माझ्या मैत्रिणीबरोबर. एकदा."

बाईंनी पट्टीकडे बोट केलं. "वाचता येतं ना, बाळ? इथे काय लिहिलंय?"

मी लाकूड असूनही मला घाम फुटला.

बाई वरवर हसल्या, पण मनात धसका बसला. ही पोरं कमान उचलून नेतील! त्याच हिवाळ्यात त्यांनी मागचं दुहेरी दार विटांनी बुजवून घेतलं आणि लोखंडी दार बसवलं. भक्कम, कुलूपबंद आणि तीन फूट रुंद. चार गवंडी, एक कंत्राटदार आणि अख्खी समिती, पण आत उभ्या असलेल्या माझं माप घ्यावं हे एकालाही सुचलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे!

एप्रिल उजाडला. सहा माणसं आली, मला उचललं आणि दाराशी येऊन थबकली. आडवी केली, तिरकी केली, उलटी केली. शिव्या देऊन झाल्या. हॉलच्या बाजूचं दार तर आणखी अरुंद.

"कापा!" एक जण म्हणाला.

"खबरदार!" क्लॉडीनबाई कडाडल्या. "माझ्या तिन्ही मुलींचे फोटो आहेत हिच्याखालचे. ड्वाइट, तूच बनवलीस ना? सोड की."

ड्वाइटने एक खुंटी ओढली. सांधा कर्रकन घट्ट बसला. त्याचे कान लाल झाले. "मला... मला क्रम येत नाही," तो म्हणाला. "तो लुशियसला येतो."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते नाव निघालं. अहो, मला इतकं बरं वाटलं!

गुरुवारी लुशियस आला. केस पिकले होते. त्याने माझ्या खांबावरून हात फिरवला, आणि तो हात मी लगेच ओळखला.

"निघतील खुंट्या," तो म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग काढ ना, लुशियस," बाई म्हणाल्या. "मजुरी देऊ आम्ही."

"मजुरी नको, मिस क्लॉडीन. शनिवारी माझी रेनिटा हिच्याखालून चालेल. पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, नाव पुकारून."

"तुमचा नाच पुढच्या शनिवारी आहे ना? मग उगाच कशाला? हा खासगी कार्यक्रम आहे रे. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?"

लुशियसने ड्वाइटकडे बघितलं. ड्वाइट खिशातल्या शेंगा चाचपत राहिला. लुशियसने टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. समितीने घाईघाईत पत्र्याची कमान भाड्याने आणली, वर कागदाची फुलं चिकटवली.

शनिवारी पाचच्या सुमाराला कुलूप वाजलं. ड्वाइट होता. मागे लुशियस, आणि त्याच्या मागे रेनिटा. पिवळ्या झग्यात! ओडेसाने डोळे अधू झालेले असताना शिवलेला तो शेवटचा झगा. आणि तिच्या पाठोपाठ, आपला निळा घेर सावरत, चोरपावलांनी कार्लिन. तोही ओडेसाच्याच हातचा.

"पप्पा, तुम्ही बाहेर बघा, आई येईल," कार्लिन ड्वाइटला म्हणाली.

इथे ना पायऱ्या, ना गाव. आजूबाजूला पोछे, बादल्या, खुर्च्या आणि वर एक पिवळा बल्ब. लुशियस एका बाजूला उभा राहिला, घसा खाकरला आणि नाव पुकारलं, "मिस रेनिटा ओडेसा टार्व्हर! मिस कार्लिन पर्व्हिस!"

दोघी हातात हात घालून माझ्याखालून चालल्या. पिवळा घेर आणि निळा घेर, शेजारीशेजारी. लेस कुठे अडकली नाही. ओडेसाचं माप अगदी बरोबर होतं. मी जन्माला आले ते या दहा पावलांसाठी. तुम्ही मला काहीही म्हणा, मी तेव्हा थरथरले.

"कार्लिन! अगं ए कार्लिन! रांग लागलीय!" बाहेरून तिच्या आईची हाक आली.

कार्लिन जागेवरच थांबली. "मी नाही जात," ती म्हणाली, पण नजर दाराकडे होती.

"जा," रेनिटा म्हणाली. "मी पलीकडून ओरडते तुझ्या नावाने. नेहमीसारखी."

आणि ती गेली हो. डोळे पुसत, पण गेली.

ड्वाइट हळूच म्हणाला, "लुशियस, अजून वेळ आहे. सोडतोस का? बाईंना काय सांगू मी?"

"सांग, कमान मोठी नाही. दार तुम्ही छोटं केलंय."

मग त्याने रेनिटाला जवळ बोलावलं आणि एकेका खुंटीवर बोट ठेवत क्रम सांगितला. ओढली एकही नाही. "ज्या वर्षी नाच एक होईल," तो म्हणाला, "त्या वर्षी येऊन सोड हिला. त्याआधी नाही."

त्याला वीस वर्षं झाली. लुशियस गेला, ओडेसा त्याच्याही आधी गेली. समितीने पत्र्याची कमान विकतच घेतली आणि मला विसरली. छत गळतं. मागच्या एका पायाला वाळवी लागलीय. कधीकधी मनात येतं, लुशियस, कशाला रे अडकवलंस? काढून नेलं असतंस, निदान ऊन तरी दिसलं असतं. पण पुन्हा त्या पायऱ्यांवर उभी राहिले असते तर कुणासाठी राहिले असते, हे आठवतं आणि मी गप्प बसते.

अधूनमधून एकटा ड्वाइट येतो. घडीची खुर्ची उघडून माझ्यासमोर बसतो, शेंगा सोलतो. टरफलं अजून माझ्याच पायाशी टाकतो. काल आला तेव्हा बराच वेळ बोलत होता.

"हॉल विकला, म्हातारे. ट्रॅक्टर ठेवणार आहेत इथे. शुक्रवारी करवतवाले येतील." मग आणखी एक शेंग सोलून म्हणाला, "आणि कार्लिनच्या पोरीच्या वर्गाने मतदान केलंय. या वेळी शाळा हो म्हणाली. नाच एकच. शाळेच्या जिममध्ये."

खिशातून एक चिठ्ठी काढून त्याने उलगडली. रेनिटा मेकन शहरात शिक्षिका आहे, हा तिचा फोन नंबर. महिनाभर खिशात आहे म्हणे. "फोन करून सांगू तरी काय?" तो मला विचारत होता. "त्या पट्टीवर माझं नाव आहे अजून." चिठ्ठीची घडी करून त्याने परत खिशात ठेवली आणि कुलूप लावून गेला.

आज मंगळवार. ड्वाइट, तू आता येशील, शेंगा घेऊन. माझं बोलणं तुला ऐकू येत नाही, तरी सांगते. पट्टीचं मी बघून घेईन, दोनच तर खिळे आहेत. बारा खुंट्यांचा क्रम जगात एकाच बाईला माहीत आहे, आणि शुक्रवारला तीन दिवस उरलेत. तू तेवढं बटण दाब. लाव ना रे फोन.