अजीमच्या नावावर

निशातनं पुन्हा बटण दाबलं आणि पडद्यावर तीच ओळ उमटली: परवानगी नाही.

तिच्या खुर्चीमागून धनराज वाकून बघत होता. धानोऱ्याकडच्या नव्या मच्छीमार सोसायटीचा तो सचिव. तलावाचे फोटो आज वेबसाइटवर चढले, तरच व्यापारी मासळी बघायला येणार होते.

"निशातबाई, माह्या तलावाशी का दुश्मनी आहे जी तुमच्या कॉम्प्युटरची?"

"तुमच्याशी नाई भाऊ. फोल्डर अजीमच्या नावावर बनलं. सर्व्हरच्या प्रोग्रामले त्यात फोटो ठेवाची मुभा नाई."

"म्हणजे माणूस हैद्राबादले अन् कुलूप गडचिरोलीले."

ती जराशी हसली आणि फोन पुढे ओढला.

सोसायट्यांच्या वेबसाइट सांभाळायचं या दोन खोल्यांतलं काम अजीमनं तिच्यासोबत उभं केलं होतं. 'ईदले येतो' म्हणून तो हैद्राबादला नोकरीवर गेला, त्यानंतर दुसरी ईदही होऊन गेली. त्यानं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, मात्र इमानेइतबारे चालत होती. नवी सोसायटी आली की स्क्रिप्ट तिचं फोल्डर अजीमच्या नावानं बनवायची, बाकीच्यांना दार बंद. मग निशात त्याला फोन करायची.

"पुन्हा तेच का?" पलीकडे रहदारीचा आवाज होता.

"तेच."

"जेवली?"

"हो. तू?"

रहदारीचा आवाज मागे पडला; तो कुठंतरी आडोशाला आला होता.

"निशात, सगळंच तुझ्या नावावर करून टाक. स्क्रिप्ट पण. सर्व्हरले मुभा देऊन दे, झालं. जातानाच कराले पाह्यजे होतं मी."

तिनं की-बोर्डवरची धूळ बोटानं पुसली.

"कसं कराचं?"

त्यानं टाइप करायच्या ओळीचं एकेक अक्षर सांगितलं, मधल्या मोकळ्या जागांसकट. ती हं, हं करत राहिली.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"मग आता अडणार नाई तुयं."

"नाई."

फोन ठेवला तेव्हा धनराज पडद्याकडेच बघत होता. तिनं एकही अक्षर लिहिलं नव्हतं. धनराजच्या सोसायटीच्या फोल्डरपुरती तसली ओळ पडद्यावर आधीपासूनच लिहून तयार होती, फोन लावण्याआधीची.

"तुमाले तं येतच होतं, बाई."

निशातनं एंटर दाबलं. तलावाचा फोटो वरून हळूहळू उलगडत गेला. धनराजनं तो डोळे भरून पाहिला आणि पिशवी उचलली.

स्क्रिप्टला तिनं हात लावला नाही. पुढच्या महिन्यात कुरखेड्याकडची सोसायटी यायची होती, आणि तिचंही फोल्डर अजीमच्याच नावावर बनणार होतं.