कापसाला परवानगी लागत नाही

औषधाच्या दुकानात भिंतीवर परवान्याची चौकट बायकोची आणि गल्ल्यावर नवरा, ही व्यवस्था कुणालाच खटकत नव्हती. औषधशास्त्राची पदवी बाईंची, परवान्यावर फोटो बाईंचा. बाई मात्र मागच्या खोलीत खोकी मोजत. त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, पुढे बसून गल्लीची अब्रू सांभाळत.

त्या सकाळी शेजारची शिवणकाम करणारी आली. गळ्यापर्यंत गुंडी लावलेली, तरी बोटांचे वळ दिसतच होते.

"काका, रात्री... मी नको नको म्हणत होते. दिवस राहू नयेत म्हणून ती गोळी असते ना, ती द्या. आता पुन्हा बाळंतपण झालं तर वाचणार नाहीस, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"नवऱ्याला पाठव. लोकांच्या संसारात काडी घालायचा धंदा नाही माझा."

ती गेल्यावर काकांनी कर्तव्य म्हणून तिच्या नवऱ्याला फोन केला. बाईंनी आतून सगळं ऐकलं आणि खोकी पुन्हा पहिल्यापासून मोजली.

दुपारी तिचा नवरा तिला केसांना धरून फरफटत घेऊन आला.

"गोळी पाहिजे? घे गोळी!"

त्यानं तिचं डोकं काउंटरवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. कपाळ फुटलं, काचेला तडा गेला.

"अहो, काच!" काका कळवळले.

मग त्यांची माणुसकी जागी झाली. कापूस, पट्टी, मलम झटपट पुढे आलं. हे सामान तिला या दुकानानं कधीच नाकारलं नव्हतं.

बाई बाहेर आल्या. "कापूस देताना नाही विचारलंत तिच्या नवऱ्याला?"

"तू आत जा!"

बाईंनी खालच्या खणातून गोळी काढली, पेल्यात पाणी ओतलं. शेजारणीच्या नवऱ्यानं शिवी हासडून हात उगारला आणि तो बाईंच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. पेला मात्र हातातून सुटला नाही.

"घे गं. अजून वेळ गेलेली नाही."

तिनं रक्तासकट गोळी गिळली. काकांच्या त्याच फोनवरून बाईंनी पोलिसांना बोलावलं, तसा नवऱ्याचा पुरुषार्थ पायरी उतरून पसार झाला. तिला बाईंनी आत नेऊन निजवलं.

संध्याकाळी काका म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

बाईंनी भिंतीवरची चौकट उतरवली, पुसली आणि काचेच्या तड्यावर ठेवली.

"उद्यापासून इथं मी बसणार. तुम्ही आत खोकी मोजा. मोजत बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. मला इतकी वर्षं कुठं आलं?"