बरोबर बारा व्होल्ट

चुकीच्या बायसमुळे जेवढी गाणी वाया गेली, तेवढी बेसूर गळ्यांमुळेही गेली नसतील, असं पाक सुवोंदो इंडोनेशियातल्या मलांगच्या तंत्रशाळेत एकतीस वर्षं शिकवत आले होते. आत्ताही हेच मनात घोळवत त्यांनी स्वतः बांधलेल्या ॲम्प्लिफायरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बोट टेकवलं आणि ते भाजलं.

मीटर नऊ व्होल्ट दाखवत होता. सकाळी त्यांनी बारा लावले होते. एकुलता एक ट्रान्झिस्टर चोवीस व्होल्टच्या बरोबर मध्यावर टेकवून ठेवायचा, हाच बायस, म्हणजे आवाजाच्या लाटेला वर-खाली सारखी जागा मिळते. नवावर घसरला की लाट एका बाजूने छाटली जाते. मग ध्वनिफितीतल्या पाखराची खळखळती लकेर खोकल्यासारखी येते, आणि रविवारच्या पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी पिंजऱ्यातला शामा तीच लकेर शिकणार होता. मागच्या वर्षी शेजारच्या जुमादीचा शामा पहिला आला होता. जुमादी बसचा वाहक.

"किती आवाज देतो हो हा?" बायकोने, बू लास्त्रीने, दारातून विचारलं.

"दोन वॅट. स्वच्छ."

"आणि खातो किती?"

"चोवीस."

"गाणं बंद असलं तरी?"

"तरी. या जातीचं तसंच असतं."

"तुमच्या धाकट्या भावासारखं."

पाक सुवोंदोंनी ट्रान्झिस्टर बदलला. दुपारी पुन्हा नऊ. त्यांनी रोधक बदलले, डाग नव्याने दिले, कारखानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. गुरुवारी ते बाजारातून लवकर परतले, तर पात्यांवर झिंग्यांच्या करुपुकच्या ओल्या चकत्या पापडासारख्या ओळीने मांडलेल्या. हवेला आत शिरायला फट नव्हती. ट्रान्झिस्टर तापला की व्होल्ट घसरणारच.

"हे कधीपासून?"

"आठ दिवस झाले. ऊन कुठंय? तुम्ही यायच्या आत उचलते की मी."

त्यांनी चकत्या एकेक करून परातीत ठेवल्या, मीटर लावला, स्क्रू किंचित फिरवला. बारा. संध्याकाळपर्यंत बारा. मग त्यांनी बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि कर्णा पिंजऱ्याकडे वळवला. तीन दिवस घरात पूर्ण दोन वॅट घुमले, एक लकेरही फाटली नाही.

रविवारी पंच पिंजऱ्याखाली येऊन उभे राहिले. शामाने अंग फुगवलं, दांडीच्या टोकाला सरकला आणि वेळ संपेपर्यंत चोच उघडली नाही. जुमादीचा पुन्हा पहिला आला.

"पाक गुरू, शिकवताना आवाज किती ठेवला होता?" जुमादीने पिंजऱ्यावर कापड ओढत विचारलं.

"पूर्ण."

"अरे देवा. भेदरलं असणार ते. मी तर मोबाइल भाताच्या रिकाम्या पातेल्यात ठेवतो, वर झाकण. ऐकू येतंय की नाही, इतपतच. तेवढ्यावरच शिकतात."

"झाकण घालून?"

"हो, नाहीतर बायको ओरडते."

घरी आल्यावर पाक सुवोंदोंनी ॲम्प्लिफायर चालू केला आणि सवयीने मीटर लावला. बारा. बरोबर बारा. मग उठून स्वयंपाकघरातून परात आणली आणि अजून ओल्याच असलेल्या चकत्या एकेक करून पात्यांवर मांडल्या.

"उताण्या ठेवा," बू लास्त्री आतून म्हणाली.

त्यांनी उताण्या ठेवल्या. आवाजाचं बटण शून्यावर होतं. करुपुक तीन तासांत वाळले.