शिसं प्यायलेली पळी

मित्रांनो, फोडणी करायची लोखंडी पळी तुम्ही पाहिली असेल. वाटीएवढं खोलगट पोट, हातभर लांब दांडा आणि टोकाला अडकवायचा आकडा. मी तशीच एक पळी आहे, चांगली जुनी. कराडच्या आठवडी बाजारात एका घिसाड्याने मला ठोकून घडवलं आणि कांचनकाकूंनी साडीच्या घडीत गुंडाळून मला अमेरिकेला आणलं.

सुरुवातीची वर्षं शिकागोत गेली. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेली मोहरी माझ्या पोटात तडतडली की धुराचा अलार्म कोकलायला लागायचा. मग काकूंचे यजमान, गुरुदत्तकाका, खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालायचे. पाहुणे म्हणायचे, "काकू, नॉनस्टिकमध्ये ही चव येत नाही हं." मला फार बरं वाटायचं.

पुढे हे कुटुंब टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला आलं. काका निवृत्त झाले आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागले. पिस्तुलाच्या गोळ्या घरीच ओतायच्या, हा छंद त्यांना तिथेच लागला. चाकांचा तोल सांभाळायला टायरपाशी शिशाचे तुकडे लावतात, ते त्यांनी डबाभर जमवले. आता वितळलेलं शिसं साच्यात ओतायला लांब दांड्याचं काहीतरी हवं होतं. काकू तेव्हा तीन महिने भारतात होत्या. काकांनी मला स्वयंपाकघरातून उचलून गराजमध्ये नेलं.

काका इंजिनियर. शटर उघडं ठेवायचे, जाड हातमोजे घालायचे, डोळ्यांना चष्मा लावायचे. माझ्या पोटात आता चांदीसारखा चकचकीत, जड रस हिंदकळायचा. काम झालं की ते मला तांदळाच्या पोत्यांच्या वर, एका खिळ्याला टांगायचे. माझ्यावर त्यांनी काही लिहिलं मात्र नाही.

काकू परतल्यावर म्हणाल्या, "अहो, माझी फोडणीची पळी दिसत नाही."

"तूच कुणाला तरी दिली असशील. विसरली असशील," काका म्हणाले.

मी भिंतीपलीकडेच होते. काकूंनी आठवडाभर कपाटं उपसली, मग शोधणं सोडून दिलं.

यंदा त्यांच्या सुनेला, हिमानीला, सहावा महिना लागला. बाळंतपणासाठी तिची आई सुचित्राताई नागपूरहून आल्या. त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, हिमानीच्या अंगात लोह कमी आहे.

शुक्रवारी सकाळी सुचित्राताई तांदूळ काढायला गराजमध्ये आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला चिंच लावून घसाघसा घासलं.

"कांचनताई, ही बघा. लोखंडाची पळी असून तुम्ही गराजमध्ये ठेवता?"

काकूंनी मला हातात घेतलं आणि दांड्यावरून बोट फिरवलं. "अगंबाई, हीच ती. मला वाटलं, मला आता विसरायला होतं."

"आमच्याकडे अशक्त पोरीला तापलेली पळी आमटीत बुडवून देतात. तासभर तशीच राहू द्यायची. सगळं लोह उतरतं."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडता आलं असतं तर! घासल्याने माझा गंज गेला होता. पण माझ्या पोटाला बारीक बारीक खड्डे आहेत. त्यांत मुरलेलं शिसं तसं जात नाही. त्याला वास नाही, आणि आमटीत उतरलं तर दिसतही नाही. आंबटात ते हळूहळू विरघळतं आणि आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं.

तेल तापलं, मोहरी उडाली, हिंग पडला. चर्र आवाज झाला आणि मी चिंचगुळाच्या आमटीत बुडाले. वर झाकण आलं. अंधारात मी एक तास पडून राहिले. माझ्यातून काय काय बाहेर पडत होतं ते मला थांबवता येत नव्हतं.

झाकण निघालं तेव्हा हिमानी ऑफिसची मीटिंग संपवून ओट्यापाशी आली होती.

"आई, जेवायला वेळ आहे ना? मला नुसती वाटीत दे. आंबट प्यावंसं वाटतंय."

"घे की. तुझ्यासाठीच केलीय."

त्याच वेळी काका रेंजवरून आले. हात धुवायला सिंकपाशी गेले आणि पातेल्यातून वर आलेला माझा दांडा त्यांना दिसला. नळ तसाच वाहत राहिला.

"ती पळी... गंजलेली आहे ती. दुसरी घ्या."

"घासलीय हो मी चांगली," सुचित्राताई हसल्या. "काळजी नको."

काकांची नजर काकूंकडे गेली. खरं सांगितलं, तर आधीचं खोटं कबूल करावं लागणार होतं, तेही विहीणबाईंसमोर. त्यांनी वळून नळ बंद केला. हिमानीने वाटीवर फुंकर घातली आणि ती ओठाला लावली.

"हिमानी, पिऊ नकोस. खाली ठेव." काकांचा आवाज फाटला. "मी तिच्यात शिसं वितळवतो. वर्ष झालं."

वाटी ओट्यावर टेकली. "बाबा, मी एक घोट घेतला."

काकूंनी शेगडी बंद केली. "म्हणजे मी कुणाला दिली नव्हती."

"नाही. मी नेली होती."

सुचित्राताई मात्र आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "मीच घासली. मीच बुडवली," त्या पुटपुटल्या. हिमानी त्यांना बिलगली आणि दुसऱ्या हाताने तिने डॉक्टरांचा नंबर लावला.

दुपारी चौघांचंही रक्त तपासायला गेलं. चार दिवसांनी निकाल आला. हिमानीच्या रक्तात शिसं नसल्यातच जमा होतं. डॉक्टरांनी महिन्याने पुन्हा तपासायला सांगितलं. जास्त निघालं ते काकांच्या रक्तात. हातमोजे, चष्मा, उघडं शटर, सगळं असूनही.

आता मी प्लास्टिकच्या जाड पिशवीत आहे. पिशवीवर काकांनी काळ्या शाईने लिहिलं आहे, 'शिसं. स्वयंपाकात वापरू नये.' खाली तेच इंग्रजीतही आहे. उद्या घातक कचरा घेतात त्या केंद्रावर ते मला नेऊन देणार आहेत, साच्यासकट.

काल काकू पिशवीपाशी येऊन थोडा वेळ थांबल्या, पण त्यांनी मला हात लावला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला पुसा, जपा, टाकू नका. मित्रांनो, माझी विनंती उलटी आहे. जिच्यात एकदा विष शिरलं, त्या वस्तूवर त्या विषाचं नाव घाला, ती कुठे आहे ते घरात सगळ्यांना सांगा, आणि कितीही माया असली तरी तिला पुन्हा चुलीपाशी आणू नका.