जावयाच्या वाणात बोर्बन

जावयाला दारूची बाटली द्यायची हे प्रतिमाबाईंनी मेथी निवडता निवडता ठरवलं. ती कोणती द्यायची हे ठरवताना मात्र श्रीपादरावांनी सगळ्या घराचं डोकं उठवलं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, अधिक श्रावण आला होता. अधिक महिना म्हणजे जावयांचे दिवस. तीन वर्षांतून एकदा जावयाला लक्ष्मीनारायण समजून धोंडे जेवायला बोलवायचं, ओवाळायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि वर चांदीचा दिवा. श्रीपादरावांची विमा कंपनीतली बदली सांगलीहून जयपूरला झाली म्हणून काही अधिक महिना चुकत नाही. एकुलती एक लेक प्रणिता आणि जावई राजस गुडगावहून येणार होते. येणार म्हणजे नेहमीसारखे येणार: जेवायला घरी आणि झोपायला हॉटेलात. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, पण लेक माहेरी एक रात्र राहिली नव्हती. "आई, तुम्हाला कशाला त्रास," असं म्हणायची. विद्याधर नगरातल्या त्या ऐसपैस घरात एक अख्खी खोली रिकामी, पलंगावर धुतलेली चादर, आणि पोटची पोर चार गल्ल्या पलीकडे हॉटेलात झोपणार. प्रतिमाबाईंना हे इतकं लागायचं की त्या खोलीचं दार त्या बंदच ठेवत.

याचं कारण त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. राजसला शनिवारी रात्री एखादा पेग बोर्बन लागते, असं प्रणिता एकदा फोनवर बोलता बोलता म्हणून गेली होती. इथे सासरा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा. अशा घरात तो बिचारा कसा राहील? तेव्हा आपणच बाटली द्यायची, तीही लपूनछपून नाही, वाणात, राजरोस. म्हणजे इथे मोकळीक आहे हे त्याला कळेल. तो राहिला की लेक राहिली.

"वाणात?" श्रीपादराव म्हणाले. "अनारशांच्या शेजारी?"

"हो. आणि अहो, चांगली बघून आणा. उगाच काहीतरी नको."

चूक इथे झाली. ज्या माणसाने उभं आयुष्य विम्याचे दावे तपासण्यात घातलं, त्याला 'चांगली बघून आणा' असं सांगू नये. तो बघतच बसतो.

आधी वरच्या मजल्यावरच्या प्रथमेशला खाली बोलावणं गेलं. प्रथमेश नागपूरचा, इथे सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि प्रतिमाबाईंच्या हातच्या पोळ्यांसाठी कुठल्याही विषयावर बोलायला तयार असे.

"काका, सोपं आहे ना. बोर्बन म्हणजे अमेरिकेतली व्हिस्की. निम्म्याहून जास्त मका लागतो त्यात. अन् पिंप कोरं पाहिजे, आतून जाळलेलं."

"मुद्दाम जाळतात?"

"हो ना. त्यानेच तर चव येते."

"आणि एकदा वापरल्यावर त्या पिंपाचं काय?"

"त्यात परत बोर्बन नाही भरत, काका."

"म्हणजे धडधडीत नुकसान," श्रीपादराव म्हणाले आणि त्या पिंपांची विल्हेवाट कोण लावतं याची चौकशी करू लागले. प्रथमेशने तिसरी पोळी संपवून पळ काढला.

मग व्हिडिओ सुरू झाले. सकाळी दाढी करताना, जेवताना, देवपूजा आटोपल्या आटोपल्या. एक दाढीवाला गोरा माणूस पेल्यात नाक खुपसून बसलेला असे, आणि श्रीपादराव त्याचं म्हणणं बायकोला समजावून सांगत. या बाटलीला व्हॅनिलाचा वास येतो. त्या बाटलीला जुन्या चामड्याचा.

"चामड्याचा वास येणारी वस्तू जावयाला द्यायची का?" ते विचारत. "लक्ष्मीनारायणाला?"

प्रतिमाबाई तेव्हा अनारशांशी झगडत होत्या. पीठ सैल झालं होतं आणि पहिला घाणा तुपात पडला रे पडला की हसत होता, म्हणजे विरघळून पसरत होता. त्या घरात त्या आठवड्यात तेवढंच काय ते हसत होतं. "तुम्हाला हवी ती आणा," त्या झारा आपटून म्हणाल्या, "पण आणा एकदाची." तरी शनिवार उजाडला आणि बाटलीचा पत्ता नव्हता. रविवारी मुलं येणार. शेवटी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला गाडीत घातलं आणि स्वतः चालवायला बसल्या.

राजस्थानात दारूची दुकानं रात्री आठला बंद होतात. सीकर रोडच्या त्या दुकानापुढे त्यामुळे झुंबड उडाली होती, त्यातून विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून सुटलेली मंडळी. श्रीपादराव रांगेतून जाळीपाशी पोचले आणि तिथेच थांबले. काच खाली करून बसलेल्या प्रतिमाबाईंना शब्द अन् शब्द ऐकू येत होता.

"अंकलजी, बोर्बन में ये चार हैं. कौन सी दूँ?"

"जो सबसे अच्छी हो."

"अच्छी तो चारों हैं."

"नहीं, मतलब किस आधार पर अच्छी? और इस पर एक्सपायरी डेट नहीं दिख रही."

"इसकी एक्सपायरी नहीं होती अंकलजी, पीने वाले की होती है."

रांग हसली. श्रीपादराव हसले नाहीत. त्यांनी चारही बाटल्या जाळीतून एकेक करून बाहेर घेतल्या, चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि पहिली परत मागितली. मागून कोणीतरी ओरडलं, "अंकल, बोतल ले रहे हो या लड़की देखने आए हो?" घड्याळाचा काटा आठकडे सरकत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर शटर पडलं असतं आणि श्रीपादराव समाधानाने म्हणाले असते, की बरं झालं, घाईत निर्णय नको.

प्रतिमाबाईंच्या डोक्यावरून पाणी गेलं. त्या गाडीतून उतरल्या. नऊवारी नव्हे, साधा सुती पंजाबी ड्रेस, हाताला अजून तुपाचा वास; पण दारूच्या दुकानात बाई आली म्हटल्यावर ती सगळी धटिंगण मंडळी पाऊल मागे सरली.

"भैया," त्या जाळीतून म्हणाल्या, "एक बार ले जाके जो आदमी दुबारा वही माँगने आता है, वह कौन सी?"

दुकानदाराने दुसऱ्या नंबरची बाटली पुढे सरकवली. बुटकी, जाड काचेची, लाकडी बुचाची.

"यही दे दो."

घरी जाताना श्रीपादराव बाटली मांडीवर धरून बसले होते. "ती का चांगली, ते काही कळलंच नाही," ते म्हणाले. प्रतिमाबाईंनी गिअर बदलला; तोंड उघडलं असतं तर भर रस्त्यात भांडण झालं असतं.

रविवारी अकरा वाजता मुलं आली. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, पण राजस तसा गरीब गाय होता. उंच, शांत, सोफ्याच्या अगदी कडेला बसणारा. पाणी प्यायला आणि रिकामा पेला आत ठेवायला उठला, तर श्रीपादरावांनी झडप घालून पेला घेतला. "छे छे, राजसराव, तुम्ही बसा." पंखा वाढवायला उठला, तर प्रतिमाबाई धावल्या. "अहो, तुम्ही कशाला?" प्रणिताने डोळे फिरवले आणि ती फोनमध्ये बघू लागली. राजस पुन्हा कडेला बसला. त्याच्या पाठीमागे दोन तक्के लावले गेले, एक त्याने मागितला नव्हता आणि दुसराही.

मग पाट, रांगोळी, ओवाळणं. ताटात तेहतीस अनारसे, हसलेले खाली आणि शहाणे वर, चांदीचा दिवा, आणि त्यांच्या मधोमध ती बाटली, बुचाला हळदकुंकवाची बोटं लावलेली. राजसने ताटाकडे पाहिलं. लेबल वाचलं. त्याचा चेहरा असा काही उजळला की प्रतिमाबाईंना आठवडाभराचे कष्ट फिटल्यासारखे वाटले.

आणि मग तो म्हणाला, "बाबा, ही फारच छान आहे. पण माझा श्रावण चालू आहे."

त्याने ताट अलगद पुढे सरकवलं.

"आमच्याकडे कराडला पाळतात, म्हणून मीही पाळतो. चार जुलैपासून सोडली आहे."

"चार जुलै?" श्रीपादरावांमधला दावे तपासणारा जागा झाला. ते भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आले. "चार जुलैला आपला आषाढ होता, राजसराव."

"ऑफिसात सगळे म्हणाले, सावन लागला."

"तो त्यांचा. इकडे महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला. तुम्ही आषाढात सोडलीत. आता चाललाय तो अधिक, आणि खरा श्रावण अजून लागायचाच आहे."

"मग तो संपणार कधी?"

"सप्टेंबरच्या मध्यावर."

राजसचं तोंड उतरलं. ते बघून श्रीपादरावांना आणखीच चेव आला. "म्हणून म्हणतो, अधिकात काही बंधन नाही. मी सांगतो ना. थोडी घ्या. बर्फ आणू? प्रतिमा, बर्फ आहे का?" सुपारी न खाणारा तो माणूस एका हातात कॅलेंडर आणि दुसऱ्या हातात दारूची बाटली घेऊन जावयाच्या विनवण्या करत होता. प्रतिमाबाईंना वाटलं, आपण आत्ता इथेच भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

"नको, बाबा. एकदा धरलं ते धरलं."

"अहो, पण मग," श्रीपादराव वैतागून बोलून गेले, "हॉटेलात जाऊन तरी तुम्ही करता काय?"

प्रणिताने फोन खाली ठेवला. "हॉटेलात आम्ही ह्यासाठी राहतो असं वाटलं तुम्हाला?"

"मग कशासाठी?" प्रतिमाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"जाऊ दे ना, प्रणिता," राजस म्हणाला.

"नाही, सांगते. आई, ह्याला इथे पाणीसुद्धा हाताने घेता येत नाही. मागच्या वेळी हात धुवायला गेला, तर बाबा टॉवेल घेऊन दाराबाहेर उभे. स्वतःच्या घरी हा रोज पोळ्या लाटतो, मतलब माझ्यापेक्षा गोल. इथे नुसता बसून बसून ह्याची पाठ धरते. दोन तास ठीक आहे, पण दोन दिवस देव बनून कोण बसेल?"

प्रतिमाबाई ऐकत राहिल्या. दोन वर्षं. ती बंद खोली, ती धुतलेली चादर, जुनं चामडं आणि जळकी पिंपं, तुपात विरघळलेला पहिला घाणा, आणि काल दुकानापुढे गाडीत बसून ऐकलेलं सगळं. त्यांचा राग असा काही उसळून आला की त्यात कोण नवरा आणि कोण जावई हे उरलंच नाही.

"मग हे आधी सांगायला तोंडाला काय झालं होतं?" त्या राजसला म्हणाल्या. "दोन वर्षं मी इथे झुरतेय. ऊठ आधी त्या पाटावरून. ती बाटली ह्यांच्या हातातून घे आणि वरच्या फळीवर ठेव, माझा हात पोचत नाही. आणि येताना ताटं घेऊन ये. सगळ्यांची."

"अगं, काय बोलतेस," श्रीपादराव पुटपुटले. "जावई आहेत ते. अधिकाचे."

"असू देत. तुम्ही लिंबं चिरा."

राजस उठला. सासऱ्याच्या हातातली बाटली घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. आत डबे सरकल्याचा आवाज झाला, मग भांड्यांची खडखड, आणि मग त्याने विचारलं, "आई, कढईत अजून पुरण आहे. ते धोंडे मी भरू?"

"हात धुऊन भर," प्रतिमाबाई म्हणाल्या. त्यांचा राग अजून गेला नव्हता, आणि डोळे का भरून आले होते तेही त्यांना कळत नव्हतं.

प्रणिता बंद खोलीपाशी गेली, दार ढकललं आणि आतल्या खिडक्या उघडू लागली.